मडकं, झाकण आणि इळा

८ जानेवारी २००७, सोमवार. अकोला

आज दिवसभरात एक लग्नपत्रिका आली, तीही दोनशे प्रतींची. बाकी सगळे शासनाच्या मदतीचे अर्ज आणि त्यांची शपथपत्रं. तनवीर म्हणाला, "चंद्रभानभाऊ, आपलं दुकान डीटीपीचं राहिलं नाही, तहसीलचं झालं." दुकान त्याचं, मी पगारी. वयानं मी त्याच्या बापाएवढा, म्हणून रागावताना तो भिंतीकडे बघतो.

बारा ते तीन लाइट नव्हती. नंतर डाळमिलचे शेठ आले. त्यांच्या पोत्यांची लेबलं आमच्याकडेच होतात. त्यांनी टेबलावर एक फ्लॉपी ठेवली. डाळ निवडायचं जुनं मशीन कोरियातून आणलंय, वापरलेलं. दाणा खाली पडताना मशीन त्याचा रंग बघतं आणि खराब असला तर हवेची फुंकर मारून बाजूला उडवतं. बाजारात आता पोत्यावर 'सॉर्टेक्स', म्हणजे मशीननं निवडलेली, असं लिहिलं नसेल तर व्यापारी हात लावत नाही, म्हणून घेतलं म्हणाले. पण पडद्यावरची सगळी अक्षरं कोरियन. फ्लॉपीत ती आहेत. त्यांचा अर्थ शोधून द्यायचा. मशीन विकणारी तिकडची कंपनी बंद पडली आहे आणि नागपूरचा दलाल फोन उचलत नाही.

मी घेतो म्हणालो. नाही म्हणायचा कंटाळा आला.

मी राहतो ती खोली इंदूबाईची. इंदूबाई त्याच मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायांची मुकादम आहे. तिच्यासकट अठरा जणी. निम्म्या आसपासच्या खेड्यांतून येतात, गावात निंदणाखुरपणाचे दिवस कमी झाले म्हणून. घरी आलो तेव्हा मी फ्लॉपीचं बोललो नाही. तिला आधीच कळलं होतं.

"तुमच्यापाशी आली म्हनते ते डबी."

"आली."

"करा बाप्पा. तुमी त्याले बोलकं करा, मंग शेठ आमाले मुकं करते." एवढं बोलून तिनं वरणाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

१० जानेवारी, बुधवार

फाईल उघडली. डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मधेच पाव, अर्धा, पाऊण असे आकडे, पौंडाची खूण. आमच्या धंद्यात असं काही दिसलं की औषध एकच, फॉन्ट बदला. मराठीत आम्ही तेच करतो. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षराचा आकडा असतो आणि फॉन्ट त्याला 'क'चे कपडे घालतो. कपडे काढले की खाली इंग्रजी. तनवीरच्या उर्दू फायलींचंही तसंच.

एकशे चाळीस फॉन्ट लावून पाहिले. एकातही कोरियन दिसलं नाही. एका फॉन्टमध्ये सगळी फुलं आली. तनवीर म्हणाला, हेच छापून देऊ, शेठच्या मुलीच्या लग्नात कामाला येईल.

१३ जानेवारी, शनिवार

अमरावतीच्या छापखान्यात मी सव्वीस वर्षं खिळे जुळवले. छापखाना बंद झाला तरी मोजायची सवय गेली नाही. आज लाइट नसताना छापलेला कचरा समोर घेऊन नुसती चिन्हं मोजत बसलो. दोन मोकळ्या जागांमधली चिन्हं चार, सहा, दोन, आठ. एकदाही तीन नाही, पाच नाही. नेहमी जोडीनं.

म्हणजे हे कपड्यांचं काम नव्हतं. त्यांचं एक अक्षर दोन आकड्यांचं. आपला संगणक ते दोन आकडे वेगवेगळे वाचतो आणि दोन परकी चिन्हं दाखवतो.

तीन वाजता तनवीरला सांगितलं. त्यानं नेटचं पान उघडायच्या खिडकीत कुठलीशी यादी काढली. त्यात भाषांची नावं होती, फाईल कुठल्या भाषेच्या आकड्यांनी वाचायची ते सांगायला. कोरियन निवडलं. संगणकानं विंडोजची सीडी मागितली. ती अर्ध्या तासानं गल्ल्यात सापडली. ती घातल्यावर चौकटी आल्या आणि चौकटींची हळूहळू अक्षरं झाली. नीट, चौकोनी, एकाएका घरात बसवलेली. चौसष्ट ओळी.

तनवीर म्हणाला, "वा, भाऊ." बऱ्याच वर्षांनी कामाचं बरं वाटलं. पाच मिनिटंच, पण वाटलं.

१६ जानेवारी, मंगळवार

चौसष्ट ओळींचं प्रूफ काढलं. नेटवर कोरियनचं इंग्रजी करून मिळतं, मोडकंतोडकं. एका ओळीचा अर्थ 'हवा रडते' असा आला. उजैर म्हणाला, ते हवेचा दाब कमी असल्याचं असेल. उजैर नागपूरचा मिस्त्री, मशीन बसवायला आला आहे. हसरा माणूस आहे. त्याला मशीन कळतं, अक्षरं कळत नाहीत. माझं नेमकं उलटं.

त्याचं म्हणणं असं. मशीनला मराठी अक्षर येत नाही, पण इंग्रजी येतं. तेव्हा प्रत्येक कोरियन शब्दापुढे इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहा. VEG, HAVA, PRAKASH. मी ओळी उचलून साध्या नोटपॅडमध्ये घेतल्या, पुढे शब्द लिहिले आणि फाईल जतन केली, जुन्याच नावानं, जुन्याच फ्लॉपीवर. काहीतरी सूचना आली. दिवसाला अशा पन्नास येतात. ओके केलं.

जुनी फाईल ठेवली नाही. छापखान्यात पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट ही. दुरुस्त प्रत तयार झाली की जुनी फाडायची, नाहीतर घाईत नेमकी जुनीच मशीनवर चढते.

संध्याकाळी इंदूबाईनं प्रूफ मागितलं. तिला मराठी जेमतेम वाचता येतं. तरी बराच वेळ बघत होती.

"हे काय हाये?" तिनं 콩 वर बोट ठेवलं.

"सोयाबीन. म्हणजे कुठलाही शेंगेतला दाणा."

"खाली मडकं, त्याच्यावर मुठीचं झाकन, अन् वर इळा. इळ्याले मधात एक दांडी." ती हसली. "अन् हा टोपीवाला?"

"कमी."

"अन् हे दोन तंगड्यावालं?"

"वेग."

असं करत पंधरा-वीस शब्द झाले. दिवसभर डाळ निवडून विरंगुळा हवा असतो माणसाला.

१८ जानेवारी, गुरुवार

आज मशीन सुरू व्हायचं होतं. बायांना शेठनं कालच सांगितलं होतं, आजचा दिवस शेवटचा.

अकरा वाजता मिलमधून बोलावणं आलं. उजैर पडद्यासमोर डोक्याला हात लावून उभा. पडद्यावर प्रश्नचिन्हं. प्रत्येक ओळीत चार, पाच, सहा प्रश्नचिन्हं आणि पुढे माझे शब्द. ????? VEG. तेवढ्यावर भागलं असतं, शब्द तर दिसतच होते. पण मशीन आपल्या आतल्या मांडण्या याच नावांवरून शोधतं, सोयाबीनची वेगळी, तांदळाची वेगळी. आता सगळीच नावं प्रश्नचिन्हं. त्याला एकही मांडणी सापडेना. दाणा टाकला की लाल दिवा लागून थांबायचं.

माझी फाईल उजैरनं मशीनमध्ये जुनीवरच घातली होती. म्हणाला, "मूळ तुमच्याकडं असेलच ना?"

दुकानात येऊन ती सूचना पुन्हा काढून वाचली. साध्या फायलीत ही अक्षरं मावत नाहीत, जतन केलीत तर जातील, असं स्पष्ट लिहिलेलं. ज्या अक्षराला जागा नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. आणि एकदा प्रश्नचिन्ह झालं की ते कुठल्या अक्षराचं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. फॉन्ट बदलून नाही, यादी बदलून नाही.

सव्वीस वर्षांत माझ्या हातून जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा सांडला नाही.

शेठ म्हणाले, "तुम्ही इंदूबाईच्या घरात राहता ना?" एवढंच म्हणाले.

१९ जानेवारी, शुक्रवार

बायांना परत बोलावलं. तूर येऊन पडली आहे, थांबता येत नाही.

संध्याकाळी खोलीबाहेर चपलांचा ढीग. मला वाटलं कोणी गेलं. आत आठ-दहा जणी, प्रत्येकीच्या हातात काहीतरी. तिळाचे लाडू, भाजलेल्या शेंगा, एकीनं तर ज्वारीच्या गरम भाकरी आणल्या होत्या. पुढे तानुबाई, दर्यापूरकडची, सगळ्यांत मोठ्या आवाजाची.

"भाऊ, तुमी आमच्यासाठी जे केलं ते सख्खा भाऊ करत नाई."

"मी काही केलं नाही. चूक झाली माझी."

"व्हय तं. चूकच झाली," तानुबाई बाकीच्यांकडे बघत म्हणाली, आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"खरंच चूक आहे. मी ओके दाबलं."

"असंच सांगजा भाऊ. कोनी बी इचारलं तं असंच सांगजा. ओके दाबलं."

इंदूबाई दाराला टेकून उभी होती. हसली नाही. बाया गेल्यावर म्हणाली, "लाडू खा. तुमच्या चुकीचे हायेत, पन चांगले हायेत."

म्हणजे तिला तरी पटलं.

२२ जानेवारी, सोमवार

काल अमरावतीला जाऊन आलो. बायकोला, साधनाला, सगळं सांगितलं. ती दिवसभर अंगणवाडीच्या रजिस्टरात डोकं घालून होती. वर न बघता म्हणाली, "तुमी चुकले तं चुकले म्हना. लोकाईचं पुन्य काहून घेता फुकटात?"

परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात. ते चौसष्ट ओळींचं प्रूफ माझ्याकडे आहे, वहीत घडी करून. कागदावर प्रत्येक अक्षर जसंच्या तसं आहे. त्यावरून पुन्हा जुळवता येईल. वेळखाऊ आहे, पण जुळारी आणखी काय करतो? कागदावरचं बघून तेच उभं करतो. हे मी शेठला सांगितलेलं नाही. तनवीरलाही नाही.

सांगितलं तर अठरा जणी घरी. नाही सांगितलं तर माझ्या हातचं काम तसंच प्रश्नचिन्हांचं राहतं. आणि अकोल्यात मी मुद्दाम मशीन बिघडवणारा माणूस म्हणून ओळखला जातो, काहींना तो आवडतो, काहींना नाही. खरं तर मला त्या बायांचा विचार पहिला यायला हवा होता. पहिला विचार प्रश्नचिन्हांचाच आला. लिहून ठेवतो, कारण इतर कुणाला सांगण्यासारखं नाही.

शेठनं लेबलांचं काम दुसऱ्या दुकानात टाकलं. तनवीर दिवसभर भिंतीकडे बघत होता.

२५ जानेवारी, गुरुवार

सकाळी इंदूबाईनं चहा ठेवला आणि समोर बसली.

"भाऊ, मशीन सुरू व्हत नाई तं शेठ माल दुसऱ्याच्या मिलमध्ये पाठवून राह्यले. तिथी सॉर्टेक्स हाये. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हने, मंग आपला निवडायचा शेड बंद. मंग अठराच्या अठरा घरी."

"आणि मशीन सुरू झालं तर?"

"तवा बी घरी."

"मग फरक काय?"

"मशीनपाशी एक मानूस तं लागन." ती उठून भांडी घासायला लागली. "तुमचं ते कागदाचं अजून हाये ना?"

हो म्हणालो. तिला कसं आठवलं कोण जाणे.

दुकानात जाऊन तनवीरला सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. म्हणाला, "भाऊ, आठ दिवस बोलला नाहीत?" आणि मग कोरियन अक्षरांचं जुनं कोष्टक नेटवरून शोधून दिलं.

कोष्टक बघून मला आमच्या खिळ्यांच्या केसची, त्या घराघरांच्या लाकडी पेटीची, आठवण झाली. दोन हजार तीनशे पन्नास अक्षरं. पंचवीस ओळी, ओळीत चौऱ्याण्णव घरं. ओळीचा एक आकडा, घराचा एक आकडा, ते दोन आकडे म्हणजे अक्षर. मी अंदाजानं पोचलो होतो ते बरोबर होतं. पंचवीस कागदांवर छापून घेतलं.

थोडं वाचलं. त्यांची मूळ अक्षरं थोडीच. पहिलं एकोणीस प्रकारचं, मधलं एकवीस प्रकारचं, शेवटचं सत्तावीस प्रकारचं किंवा काहीच नाही. ते तुकडे एका चौकोनात बसवले की एक अक्षर. सगळे गुणाकार केले तर अकरा हजार एकशे बहात्तर होतात. जुन्या यादीनं त्यातली नेहमी लागणारी तेवढी घेतली, नव्या यादीनं सगळी. शिवाय नुसते तुकडे देऊनही जुळवता येतात, त्यांनाही वेगळे आकडे. म्हणजे आमच्यासारखंच. छापखान्यात अखंड खिळा असायचा, मात्रेसकट एकसंध, आणि डिग्रीचा असायचा, अक्षर वेगळं, मात्रा वेगळी, हातानं बसवायची. मालकाला अखंड आवडायचा, काम लवकर व्हायचं म्हणून. पण अखंडाला घरं किती लागायची! तिकडेही कुणीतरी याच्यावर भांडलं असेल.

दुपारी शेठला फोन करून सांगितलं, चूक माझी, प्रूफ आहे, उभं करून देतो. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तीस तारखेपर्यंत."

२९ जानेवारी, सोमवार

तीन दिवस पंचवीस कागदांत डोळे घालून बसतो आहे. पुन्हा पुन्हा येणारी सोडून एकूण दोनशे बारा अक्षरं शोधायची. कोष्टकाला क्रम आहे, बाराखडीसारखा. एका पहिल्या अक्षराचं घराणं संपलं की दुसऱ्याचं. पहिले दोन दिवस तो क्रमच कळला नव्हता, नुसता शोधत होतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय हेही कळलं.

काल रविवारी अमरावतीला गेलो नाही. कागद खोलीवर आणले होते. सकाळी इंदूबाई आली, चटईवर बसली, पंचवीसच्या पंचवीस कागद तिनं जमिनीवर मांडले आणि म्हणाली, "सांगा."

मी प्रूफावरचं एक अक्षर दाखवायचं. ती कागदांवरून नजर फिरवायची, बोट नाही, नुसती नजर, आणि टप्पकन दाणा उचलल्यासारखं बोट टेकवायची. पहिल्या तासात तिनं एकोणतीस काढली. माझी आदल्या दिवशी दिवसभरात चाळीस झाली होती.

"कसं दिसतं गं तुला?"

"बावीस वर्सं डाळ निवडली भाऊ. पाटीभर सारख्या दान्यात एक वेगळा असतो. थो दिसत नाई, थो टोचते डोयाले."

दुपारी माझी आधीची चाळीस तिनं तपासायला मागितली. मी म्हणालो, ती झालीत. तिनं ऐकलं नाही. दोन चुकलेली निघाली. एक तर सोयाबीनचंच. मी 콩 ऐवजी 공 घेतलं होतं.

"हे तुमचं मडकं न्हाई," ती म्हणाली. "याच्या इळ्याले दांडी नाई."

भिंग लावून पाहिलं. खरंच, एक बारीक आडवी रेघ. ते तसंच गेलं असतं तर सोयाबीनची मांडणी पुन्हा सापडली नसती. प्रूफ वाचणारा म्हणून मी एके काळी अमरावतीत नावाजलेला होतो.

ती मधूनमधून विचारत होती, या शब्दाचं बटण कुठं असते, दाबलं तर काय होते, हवा कमी झाली तं कोन्तं दिसते. मला माहीत होतं तेवढं सांगितलं, बाकीचं उद्या उजैरला विचारून सांगतो म्हणालो. तिचा वेळ चांगला गेला.

संध्याकाळी तानुबाई डोकावली. जमिनीवरचे कागद, मध्ये आम्ही दोघं. तिनं इंदूबाईकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"काय चालू हाये?"

"मांडून राह्यलो," इंदूबाई म्हणाली.

तानुबाई चहाला थांबली नाही.

१ फेब्रुवारी, गुरुवार

परवा फाईल दिली. या वेळी नोटपॅड नाही. वर्डमध्ये साधी फाईल जतन करताना तो विचारतो, कुठल्या भाषेच्या यादीनं. कोरियन निवडलं, सूचना तीनदा वाचली, चार प्रती ठेवल्या. जुनी फाडायची नाही. नव्या धंद्याचा नियम उलटा आहे, मला पन्नाशीनंतर कळला.

आज मिलमध्ये चाचणी होती. पडद्यावर अक्षरं उमटली. उजैरनं यादी वरखाली केली आणि माझ्या प्रूफाशी ताडून बघायला लागला. इंदूबाई शेडमधून पाणी प्यायला आली होती. त्याच्या खांद्यावरून म्हणाली, "वरून चवथं. मडक्यावालं." उजैरनं दाबलं. सोयाबीनची मांडणी उघडली.

"अन् थ्याच्या खाली टोपीवाला, ते हवा कमी करायचं."

उजैर हसत सुटला. "मौसी तो एकदम कोरियन निकली!"

मी शेठना बाजूला घेऊन सांगितलं की मशीनवर इंदूबाईलाच ठेवा, तिच्यासारखी नजर कुणाची नाही. एवढं तरी मला करता आलं. शेठ म्हणाले, "तुम्हीपण तेच म्हणता?" आणि माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. पण हो म्हणाले. एकच माणूस, बाकीच्यांना शनिवारपर्यंत.

बरं वाटलं. सतराजणींचं वाईट वाटलं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला काय म्हणायचं माहीत नाही. लेबलांचं काम परत आमच्याकडे आलं.

रस्त्यात तानुबाई भेटली. "अदुगर बिघडवलं, मंग सुधरवलं. तुमचं मले काई समजत नाई भाऊ."

म्हणालो, मलाही नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

उजैरनं बोलावलं होतं. मशीनमधल्या मांडण्या तिकडच्या दाण्यांच्या आहेत, तुरीची नवी करावी लागते. त्यासाठी मशीनला दाखवायचं, चांगला दाणा म्हणजे हा, वाईट म्हणजे हा. एक पाटी पूर्ण स्वच्छ डाळीची, एक पाटी नुसत्या खराब दाण्यांची. ते जेवढं चोख, तेवढं मशीन चोख. नवं नाव मी लिहून दिलं, TUR.

पाट्या भरायचं काम अठराजणींनाच दिलं. शेवटचा दिवस. शेडमध्ये दोन रांगांत बसल्या होत्या. मी दाराशी उभा राहिलो, काम नव्हतं तरी.

कुणी बोलत नव्हतं, हे त्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच पाहिलं. नुसता डाळीचा आवाज. बोटं अशी चालत होती की कुठला दाणा उचलला ते दिसायचं नाही, बाजूच्या ढिगात पडलेला दिसायचा. काळा, साल राहिलेला, अर्धा फुटलेला, खडा.

स्वच्छ पाटी भरत आली तेव्हा तानुबाई उठली. खराब दाण्यांच्या पाटीतून तिनं मूठ भरली, आली आणि स्वच्छ डाळीवर सोडली. हातानं फिरवून मिसळली. मग जाऊन आपल्या जागी बसली.

मी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. इंदूबाईनंही. तिनं पाटी हलवली नाही. उजैर मशीनपाशी होता, शेठ ऑफिसात. मी सांगायला हवं होतं की नको, मला आत्ताही कळत नाही. मशीन आयुष्यभर खडा म्हणजे चांगली डाळ समजलं असतं. आणि त्या अक्षरांपायी झालेली माझी सगळी मेहनत खडे होऊन पोत्यापोत्यातून बाहेर पडली असती.

दोन-तीन मिनिटं गेली असतील. पाटीजवळ बसलेल्या बाईचा हात आत गेला. काळा दाणा काढून बाजूला टाकला. तिनं खाली पाहिलंही नव्हतं, ती खिडकीकडे बघत होती. मग दुसरीचा हात गेला. मग पलीकडचीचा. पाटी मधे आणि हात चहूकडून.

तानुबाई बघत राहिली. "अवं, राहू द्या ना," ती म्हणाली. "काहून काढून राह्यल्या?"

कुणी थांबलं नाही. मला वाटतं त्यांना थांबता येत नव्हतं.

मग तानुबाईच पुढे सरकली. पाटीच्या काठाला एक खडा राहिला होता, तुरीच्याच रंगाचा, मला तर दिसलाही नसता. तो तिनं काढला, हातात धरून पाहिला.

"जयले मेले हे हात," ती म्हणाली आणि खडा लांब फेकला.

उजैर आला, पाट्या घेऊन गेला. "बहोत साफ है," म्हणाला. त्यानं एक पाटी वर ओतली, मग दुसरी. मशीनला शिकायला चार मिनिटं लागली. पडद्यावर एक ओळ आली. मी प्रूफ खिशातून काढेपर्यंत इंदूबाई म्हणाली, "झालं म्हनते."

मग पोत्यांतली तूर मशीनमध्ये सोडली. पंख्यासारखा आवाज, आणि मधूनमधून टक, टक. खराब दाणे एका तोंडातून, चांगली डाळ दुसऱ्यातून. बाया थोडा वेळ उभ्या राहून बघत होत्या. एकीनं बाहेर पडणाऱ्या डाळीखाली ओंजळ धरली, निरखून पाहिली, आणि काही न काढता परत सोडली.

नंतर त्या हात धुवायला गेल्या. मिलच्या नळाला धार बारीक, रांग लागली. सतराजणी एकामागे एक, पदर खोचून. इंदूबाई मशीनपाशीच उभी होती. त्या रांगेत थांबायचा तिला कंटाळा आला असावा.